२००८ सालची वही आणि चौथे दान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील दशलक्षण पर्वात, उत्तम त्याग धर्माच्या दिवशी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पंडित नव्हे. कापडाचा व्यापारी. बी.कॉम. झालो आणि पुढचे सारे आयुष्य मीटरपट्टी व खातेवही यांच्या संगतीत गेले. अध्यक्षांनी आजच्या दिवशी दान या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शास्त्राधार सांगण्याचे काम विद्वानांवर सोपवून मी माझी एक जुनी वही सोबत घेऊन आलो आहे. वर्तमानपत्रात एखाद्या मोठ्या व्यक्तीच्या निधनाची बातमी आली की तिचे कात्रण वहीत चिकटवावयाचे, अशी मला तरुणपणापासून सवय आहे. दरसाल एक वही. बहुतेक वह्या अर्ध्या कोऱ्या राहतात. २००८ ची मात्र काठोकाठ भरली.

आपल्या परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टने पहिली तीन दाने आपापल्या परीने केली. भोजनशाळा आहे, दवाखाना आहे, पाठशाळा आहे, आणि दात्यांची नावे संगमरवरावर कोरलेली आहेत. अभयदानाचा विषय निघाला की आपण पांजरपोळीकडे बोट दाखवतो. ते योग्यच आहे. परंतु माणसाने माणसाला द्यावयाचे अभय कोणत्या फलकावर लिहावे, हा प्रश्न ही वही चाळताना मला पडला.

वहीचे पहिले पान सर एडमंड हिलरी यांचे, ११ जानेवारीचे. एव्हरेस्ट सर्वांना ठाऊक आहे. शेर्पांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा व रुग्णालये उभारली, हे कात्रणाच्या शेवटच्या दोन ओळींत होते.

त्यानंतर ९ फेब्रुवारी. बाबा आमटे. हिंगणघाटला जमीनदार घराण्यात जन्म, वकिलीचे शिक्षण. रेल्वेत एका मुलीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना त्यांनी एकट्याने अडवले, म्हणून महात्माजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले. पुढे वरोऱ्यात पावसात गटाराकाठी पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना दिसला. बोटे झडलेली, अंगात किडे. अभयसाधक भ्याले आणि घरी पळाले. हे त्यांनी स्वतःच सांगितले, म्हणून मला ते मोठे वाटतात. त्या भीतीने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. ते परत गेले, तुळशीरामची अखेरपर्यंत सेवा केली, कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले, आणि १९४९ मध्ये साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय व चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू केले. व्यापाऱ्याने हे भांडवल लक्षात ठेवण्यासारखे आहे.

येथे एक कबुली देतो. आमच्या दुकानासमोर एक कुष्ठरोगी येत असे. मी कधी त्याला रिकाम्या हाती पाठवले नाही, पण नाणे नेहमी दुकानातल्या पोऱ्याकरवी आणि लांबून टाकले जाई. दान झाले, अभय झाले नाही. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. बाबांचे म्हणणे असे, की भीक माणसाला मोडते आणि काम त्याला उभे करते. काही वर्षांनी एका स्नेह्याने आनंदवनात विणलेली चादर मला भेट दिली. सवयीने मी ती उजेडात धरली. पोत एकसारखा, वीण घट्ट, काठ कोठेही वाकडा नाही. समाजाने ज्यांना वाळीत टाकले, त्यांनी ती विणलेली होती. असा माल मी पाहिल्याबरोबर पसंत केला असता, विणणाऱ्याला मात्र दुकानाची पायरी चढू दिली नसती. बाबांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन झाले नाही. देह आनंदवनाच्या मातीतच ठेवला गेला.

१ मे रोजी दिल्लीत निर्मलाताई देशपांडे गेल्या. नागपूरच्या, साहित्यिक पु. य. देशपांडे यांच्या कन्या. विनोबांच्या भूदानात पायी हिंडलेल्या. पंजाब आणि काश्मीर पेटलेले असताना ही बाई तेथे शांतीचा निरोप घेऊन गेली. त्यांचे कात्रण फारच लहान आहे, ही वर्तमानपत्रांची रीत.

१९ मे रोजी पुण्यात विजय तेंडुलकर यांचे निधन झाले. आपल्यापैकी अनेकांना त्यांची नाटके रुचत नसत, मलाही सगळी रुचली नाहीत. परंतु सत्तरच्या दशकात नेहरू फेलोशिप घेऊन हा लेखक हिंसेचा अभ्यास करीत देशभर फिरला, हे अहिंसेला परम धर्म मानणाऱ्यांनी विसरू नये. महाविद्यालयात असताना मी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पाहिले. चारचौघे प्रतिष्ठित लोक खेळाखेळात खटला उभा करतात आणि एका एकट्या स्त्रीला शब्दांनी सोलून काढतात. पुढे समाजाच्या एका बैठकीत अगदी तसाच प्रसंग घडला. कोणीही हात उगारला नव्हता, आवाजही चढला नव्हता. मी त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो होतो. अधिक सांगत नाही.

२७ जूनचे पान फील्डमार्शल माणेकशा यांचे. एका वयोवृद्ध श्रावकांनी ही वही पाहून मला विचारले, “अहो, बाबा आमट्यांच्या वहीत सेनापती कसा?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना श्रवणबेळगोळची आठवण दिली. भगवान बाहुबलींची ती मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापतीच होता. संकल्पी हिंसा आणि विरोधी हिंसा यांत आपल्या आचार्यांनी भेद केला आहे, व गृहस्थाला पहिलीचा त्याग सांगितला आहे. १९७१ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान त्वरेने कारवाईची अपेक्षा करीत असताना, सैन्य तयार नाही, पावसाळा तोंडावर आहे, असे माणेकशांनी मंत्रिमंडळासमोर स्पष्ट सांगितले. पद गेले असते. डिसेंबरात युद्ध झाले आणि सुमारे ९३,००० युद्धकैदी हाती आले. त्यांना सन्मानाने वागवले जावे याबद्दल हा सेनापती आग्रही होता. शरण आलेल्याला अभय, याहून निराळे काय असते? त्या ज्येष्ठांचे पूर्ण समाधान झाले नाही, आणि त्यांच्या असमाधानाचाही मला आदर आहे. बाबा आणि माणेकशा दोघेही १९१४ चे, एवढे जाता जाता सांगतो.

त्यानंतर महेंद्र कपूर, बी. आर. चोप्रा यांची पाने आहेत. ती आज उलटतो, कारण मला नोव्हेंबरात यावयाचे आहे.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मी लग्नसराईच्या खरेदीसाठी मुंबईत होतो. मूळजी जेठा मार्केटमधील काम आटोपून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेससाठी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आलो. मालाचे गाठोडे एका हमालाने डब्यात चढवून दिले. हमालीवरून मी त्याच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस केली. गाडी सुटली, आणि कर्जतच्या पुढे डब्यात एकेकाचा मोबाइल वाजू लागला. आम्ही सुटल्यानंतर तासा-दीड तासातच त्या स्थानकात गोळीबार झाला होता. पन्नासहून अधिक माणसे गेली. त्या हमालाचे काय झाले ते मला आजतागायत कळलेले नाही. पुढच्या खेपेस मी शोध घेतला, पण नाव ठाऊक नसलेल्या माणसाचा शोध कसा लागणार?

त्याच मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याच्या बंदुकीची नळी हातांनी धरली. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचा हा माणूस, हातात केवळ लाठी. गोळ्या अंगात शिरत असतानाही त्यांनी नळी सोडली नाही, त्यामुळे मागचे सहकारी वाचले आणि हल्लेखोर जिवंत सापडला. त्या दहांपैकी तो एकटाच जिवंत हाती लागला, आणि त्याच्यावर रीतसर खटला चालला. २००९ मध्ये ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर यांची कात्रणे त्याच पानावर आहेत. दुसऱ्या दिवशी माजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह वारले. एरवी त्यांना पहिले पान मिळाले असते, त्या दिवशी ते आतल्या पानावर गेले.

ओंबळे यांच्या पानाखाली मी त्या रात्री दिलेल्या हमालीची रक्कम लिहून ठेवली आहे. वही आज कार्यालयात ठेवतो, ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पाहावी.