संगणकाची किल्ली कुणाच्या हाती?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मी संगणकतज्ज्ञ नाही. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली अकरा वर्षं सल्ला केंद्रात काम करते. तरी आज संगणकावर बोलणार आहे, कारण आमच्या केंद्रात घडलेली एक गोष्ट मला अजून टोचते.

२०२५ च्या दिवाळीनंतर आमचा संगणक अडायला लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, विंडोज १० चा सपोर्ट कंपनीने ऑक्टोबरात बंद केला. नवी आवृत्ती या मशीनवर चालणार नाही. नवीन घ्या." तात्पुरती दुरुस्ती करतो म्हणून तो यंत्र दुकानात घेऊन गेला. चार दिवस ते तिथे होतं. त्यात दोनशेहून जास्त बायकांचे अर्ज, जबाब, त्या सध्या कुठे राहतात ते पत्ते. आणि पासवर्ड? तो आम्हीच त्याला चिठ्ठीवर लिहून दिला होता! सुदैवाने विपरीत काही घडलं नाही. पण कागदांच्या कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरणाऱ्या आम्ही, या पेटीच्या किल्लीचा विचारच केला नव्हता.

संगणक सुरू केल्यावर बाकी सगळं जिच्या जोरावर चालतं ती ऑपरेटिंग सिस्टीम. ती बहुधा एखाद्या कंपनीची असते. आतली रचना कंपनी दाखवत नाही आणि ती कधीपर्यंत चालवायची हेही तीच ठरवते. लिनक्ससारख्या मुक्त प्रणाली वेगळ्या आहेत. त्या कुणीही वापराव्यात, आत उघडून शिकावं, बदलावं, दुसरीला द्यावं. ही कुणाची मेहरबानी नाही. परवान्यातच तसं लिहिलेलं असतं.

"हे आपल्यासारख्यांना जमणार का?" असं तुम्ही विचाराल. केरळकडे बघा. तिथे २००१ मध्ये 'आयटी अॅट स्कूल' हा सरकारी प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला धडे एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरभोवती होते. शिक्षक संघटनेने आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी त्याला विरोध केला. पुढे शाळा मुक्त प्रणालीवर आल्या, दहावीची संगणकाची परीक्षाही तिच्यावरच होऊ लागली. २०१९ मध्ये 'काइट' या सरकारी संस्थेने सांगितलं की दोन लाख संगणकांमागे ३००० कोटी रुपयांचा परवान्यांचा खर्च वाचेल.

पण मला पैशापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे शाळेतल्याच शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं, शाळाशाळांत एकेका शिक्षकावर संगणकाची जबाबदारी आली. आणि केरळात बहुसंख्य शिक्षक बायका आहेत. धडे मल्याळममध्ये. २०२२ मध्ये तर 'लिटल काइट्स'च्या विद्यार्थ्यांनी शाळेत आयांना बोलावून सायबर सुरक्षा शिकवली.

याच्या उलट जर्मनीतलं म्युनिक शहर. २००३ मध्ये महापालिकेने लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. त्याची कारणं काय यावर आजही वाद आहे. मी त्यातून एवढंच घेते की वरून झालेला ठराव वरूनच फिरवता येतो. शाळेतल्या बाईच्या हातात आलेलं कसब मात्र ठरावाने काढून घेता येत नाही.

आम्ही काय केलं? त्याच जुन्या यंत्रावर लिनक्स बसवलं. अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी दर शनिवारी यायची. तिला आम्ही एकच अट घातली: हात आमचे चालतील, तू फक्त सांगायचं. बसवतानाच संपूर्ण डिस्क कुलूपबंद करण्याची सोय असते, ती घेतली. अडचणी आल्या, लपवत नाही. प्रिंटरने दोन आठवडे छळलं. हिशेबाचं सॉफ्टवेअर चाललं नाही. ते काम आता हिशेबनिसाच्या यंत्रावर होतं. जुन्या फाँटमधल्या मराठी नोंदी पुन्हा टाइप कराव्या लागताहेत. पण पासवर्ड आता आमच्या तिघींच्या डोक्यात आहे, चिठ्ठीवर नाही. आणि यंत्र अडलं की आमची शिपाईताई आधी स्वतः बघते, मग आम्हाला हाक मारते.

नुसती प्रणाली बदलून बायका सुरक्षित होतील असं मी म्हणत नाही. पासवर्ड वाटत सुटलो तर लिनक्सही वाचवणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जी वस्तू आपल्याला उघडून शिकता येते, तिच्यावरच आपला ताबा राहतो.

तेव्हा गावच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, आपल्या संस्थेत संगणक येईल तेव्हा फीत कापण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा मराठीत चालतो का? बिघडला तर दुरुस्त करायला इथली कोण शिकणार? आणि आतल्या माहितीची किल्ली कुणाकडे राहणार? उत्तर लेखी मागा. सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. ते काम आपल्याला चांगलं जमतं.