आम्ही, खाली सह्या करणारे

(आकाशवाणीवरून केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘चेंबर’ हा शब्द आपल्या कानावर पहिल्यांदा पडतो तो रस्त्यावर. ‘चेंबर उघडं आहे, जपून’ असं आपण पोराबाळांना सांगतो. पुढे कधी कोर्टाची पायरी चढलो तर वकीलसाहेबांचं चेंबर भेटतं. तिसरं चेंबर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, सोन्याचांदीच्या भावांशेजारी असतं. ते म्हणजे चेंबर ऑफ कॉमर्स, व्यापारी-उद्योजकांचं मंडळ. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या अध्यक्षांची प्रतिक्रिया छापून येते. एरवी आपण ती बातमी ओलांडून राशिभविष्याकडे वळतो.

कवितेच्या माणसानं या विषयावर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण या संस्थांचा इतिहास वाचताना मला त्यात मराठी व्याकरणातली एक गोष्ट दिसली. आपल्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही जेवायला जातोय’ म्हटलं तर ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की त्याचंही ताट मांडलं जातं. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा फरक कळत नाही. चेंबरची सगळी कहाणी या दोन शब्दांच्या मधल्या अंतराची आहे.

असं पहिलं मंडळ फ्रान्समधल्या मार्सेय या बंदरात १५९९ साली स्थापन झालं. आपल्याकडे ही कल्पना इंग्रजांबरोबर आली. ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारातली मक्तेदारी १८१३ मध्ये संपली, आणि १८३३ च्या सनदी कायद्यानं कंपनीला आपला व्यापारच गुंडाळावा लागला. मैदान मोकळं झालं. मग १८३६ मध्ये मुंबईत बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स उभं राहिलं. त्यात वर्चस्व होतं ते युरोपीय पेढ्यांचं. बंदर, गोदी, कापसाच्या गाठी, टपाल अशा प्रश्नांवर हे मंडळ सरकारशी बोलू लागलं, आणि सरकार ऐकूही लागलं. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर तर मुंबईच्या कायदेमंडळात त्याचा प्रतिनिधी बसत असे. हा पहिला ‘आम्ही’.

देशी व्यापारी या ‘आम्ही’च्या काठावर उभे होते. स्वदेशीच्या चळवळीनं वातावरण तापलेलं असताना, १९०७ मध्ये, त्यांनी इंडियन मर्चंट्स चेंबर काढलं. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातही व्यापाऱ्यांची संघटना झाली. आजचं गोवा चेंबर तिचाच वारसा सांगतं.

पण मुंबई म्हणजे महाराष्ट्र नव्हे. सोलापूरचा विणकर, सांगलीचा हळदीचा व्यापारी, खानदेशातला कापूसवाला यांचं गाऱ्हाणं मुंबईच्या दिवाणखान्यात कोण मांडणार? १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर स्थापन झालं. त्यामागे होते वालचंद हिराचंद. जन्म सोलापूरचा, १८८२ चा. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली, तीत ते स्वतः होते. पुढे ब्रिटिश जहाज कंपन्यांनी दर पाडून सिंदियाची कोंडी केली. बोट विकत घेता येते, पण बोट चालवण्याचा हक्क एकट्याला मिळवता येत नाही, हा धडा वालचंदांइतका कोणाला मिळाला असेल?

सात वर्षांनी, १९३४ मध्ये, पुण्यात मराठा चेंबर सुरू झालं. या नावातला ‘मराठा’ मराठी मुलखाचा आहे. आत्माराम रावजी भट हे त्याचे संस्थापक. तेव्हाचं पुणं पेन्शनरांचं, शाळा-कॉलेजांचं आणि सभांचं गाव. इथे कारखानदारी वाढेल असं सांगणाऱ्याला लोक हसले असते. भटांनी छोट्या उद्योजकाची बाजू धरली. या चेंबरचं ‘संपदा’ हे मासिकही मराठीत निघालं. उद्योगाचा विचार मराठीत करता येतो, हे सांगण्याचा तो एक मार्ग होता. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये आलं, पिंपरी-चिंचवड-भोसरीत कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि पेन्शनरांच्या गावात सकाळी भोंगे वाजू लागले. या चेंबरच्या नावात पुढे शेतीचाही समावेश झाला.

आता प्रश्न असा, की चेंबर करतं काय? त्याला कर बसवता येत नाही, कायदा करता येत नाही. जर्मनीत उद्योजकाला कायद्यानंच चेंबरचं सभासद व्हावं लागतं. आपल्याकडे मर्जीचा मामला आहे. चेंबर सभासदांना नव्या नियमांची माहिती देतं, भांडणात लवाद नेमतं. परदेशी माल पाठवणाऱ्याला उगमाचा दाखला देतं, म्हणजे हा माल खरोखर भारतातच तयार झाला याची ग्वाही. दूरदेशीचा गिऱ्हाईक तुम्हाला ओळखत नाही, पण या दाखल्यावर भरवसा ठेवतो. या भरवशालाच मराठीत ‘पत’ म्हणतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे, सरकारकडे जाण्याआधी आपापसातला वाद मिटवणं. सूतगिरणीला वाटतं सूत महाग विकलं जावं. इचलकरंजीच्या किंवा मालेगावच्या यंत्रमागवाल्याला ते स्वस्त हवं. एका धंद्याची संघटना आपल्यापुरतं मागून मोकळी होते. चेंबरमध्ये दोघेही एकाच सतरंजीवर बसतात आणि दोघांना चालेल असा मसुदा आधी तिथे तयार व्हावा लागतो. ‘आम्ही’चं ‘आपण’ होण्याची सुरुवात होते ती या सतरंजीवर.

ही रीत आपल्या मातीला नवी नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यानं ३,००० कार्षापण गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजानं. १,००० दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजानं. पहिल्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी दरसाल प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे. गुणाकार करून पाहा, हिशेब आजही चोख जुळतो. राजाच्या जावयानं पैसा ठेवला कोणाकडे, तर विणकरांकडे. एकेकट्या विणकराकडे नाही, त्यांच्या संघाकडे. माग चालवणाऱ्या हातांना एवढी पत होती, हे वाचून मी त्या आकड्यांपाशी बराच वेळ थांबलो.

थांबण्याला घरचं कारणही आहे. आमच्या अब्बांचं तालुक्याच्या गावी कापडाचं छोटं दुकान होतं. आमच्या घरात ‘जकात’ हा शब्द दोन अर्थांनी वावरायचा. एक, वर्षाच्या शिलकीतून चाळिसावा हिस्सा गरिबांसाठी काढायचा, ती. दुसरी नाक्यावरची. मूळ अरबी शब्द एकच. अब्बा म्हणायचे, “एक मी हिशेब करून देतो, दुसरी हिशेब न करता घेतात.” नाक्यावर बिल न बघता, गाठोडं हातानं दाबून मालाची किंमत ठरवली जायची. पावती मिळाली तर मिळाली. १९९० च्या सुमारास बाजारपेठेतल्या दुकानदारांनी अर्ज करायचं ठरवलं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, मराठी बरं लिहायचो, म्हणून मसुदा माझ्याकडे आला. ‘आम्ही, खाली सह्या करणारे’ अशी सुरुवात केली आणि पहिल्यांदा जाणवलं, की कवितेत मी नेहमी ‘मी’च लिहीत आलो होतो.

सह्या सुरू झाल्या तेव्हा बांगड्यांची हातगाडी लावणारे दोघं आणि ओट्यावर बसणारा एक शिंपी मागे येऊन उभे राहिले. कोणीतरी म्हणालं, “यांच्याकडे दुकानाचा परवाना नाही. सह्या कशाला?” अब्बा म्हणाले, “माल तर यांचाही अडतो ना, शेठ?” थोडी कुजबुज झाली आणि कागद पुढे सरकला. शिंप्यानं अंगठा उठवला. मागण्या तीन होत्या. दर मराठीत लिहून लावावेत, किंमत बिलावरून ठरवावी आणि प्रत्येक वेळी पावती मिळावी. दोन महिन्यांनी नाक्यावर मराठी दरफलक लागला. बाकी दोन मागण्या तशाच राहिल्या.

जकात पुढे गेली. काही शहरांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. २०१३ मध्ये त्याविरुद्ध व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकातही संपली. कराचं नाव बदललं, पण कागदावर सही कोणाची असावी हा प्रश्न काही संपला नाही.

२००५ साली, त्याच पुण्यात, मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन केलं. ‘डिक्की’ या नावानं आपण ते ओळखतो. ज्या शहरात सत्तर वर्षांपासून एक नामवंत चेंबर होतं, तिथे आणखी एकाची गरज का पडली? काहींनी विचारलं, धंद्यात जात कशाला आणता? पण जात धंद्यात आधीपासूनच होती. कर्जाला जामीन कोण राहतो, उधारीवर माल कोणाला मिळतो, कोणाचं टेंडर आधी उघडतं, यात ती होती. १८३६ च्या चेंबरच्या काठावर उभ्या असलेल्यांनी १९०७ मध्ये जे केलं, तेच २००५ मध्ये पुन्हा झालं. २०१२ च्या केंद्राच्या सरकारी खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून चार टक्के खरेदीचं उद्दिष्ट आलं. एक नवा ‘आम्ही’ उभा राहिला, की कागदावर एखादा नवा आकडा येतो, तो असा.

माझं म्हणणं एवढंच आहे, की नवं चेंबर निघतं तेव्हा ती जुन्या चेंबरला मिळालेली एक शांत नोटीस असते. तुमच्या ‘आम्ही’मध्ये आमचं ताट नव्हतं, असं ती सांगते. जुन्यांनी रागावू नये, वाचावी.

आजही काठावर बरेचजण आहेत. १ एप्रिल २०२५ पासून सरकारी व्याख्येत दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरू शकतो. दहा कोटींचा कारखानदार आणि घरी मसाले कुटून विकणारी बाई एकाच रकान्यात. रकाना एक झाला म्हणून आवाज एक होत नाही. त्या बाईला वर्गणी परवडेल का, सभा तिला जमेल अशा वेळी होते का, परिपत्रक तिला समजेल अशा मराठीत आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरं कोणतंही चेंबर उद्या सकाळी शोधू शकतं. त्यासाठी कायदा लागत नाही, सरकार लागत नाही. कागद थोडा पुढे सरकवावा लागतो.

तेव्हा यापुढे वर्तमानपत्रात ‘व्यापाऱ्यांचं निवेदन’ अशी बातमी दिसली, तर राशिभविष्याकडे वळण्याआधी क्षणभर थांबा. मागणी काय आहे ते वाचा. आणि खाली सह्या कोणाकोणाच्या आहेत, हेही पाहा.