धर्मविडंबन, दूरचित्रवाणी आणि प्रेक्षकाचे धैर्य



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी योजिले जाते, त्यांनी धारवाडसारख्या कन्नडभाषी नगरात दोन पिढ्यांना मराठी शिकविले. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य संस्थेने मला दिले. स्वातंत्र्य मिळालेच आहे, तर त्याविषयीच बोलावे असे मी ठरविले. धर्मातील दांभिकतेवर हसण्याचा अधिकार कोणाला, आणि त्या हसण्यावर कात्री चालविण्याचा अधिकार कोणाला, असा आजचा प्रश्न आहे.

आपल्या परंपरेपासून आरंभ करू. कोकणातील दशावतार देवळाच्या जत्रेत, देवाच्या समोर होतो. आणि त्याच खेळात वेद चोरणारा संकासूर लोकांना पोट धरून हसवितो. तमाशात आधी गण होतो, गणपतीला वंदन घडते. लगेच गवळण येते आणि मावशी साक्षात कृष्णाची फिरकी घेते. एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोघे एकमेकांच्या आचारांतील विसंगती बोचऱ्या शब्दांत काढतात आणि अखेरीस परस्परांना आलिंगन देतात. सोळाव्या शतकातील पैठणच्या एका ब्राह्मण संताला हे लिहावेसे वाटले, याचा अर्थ आपण नीट ध्यानी घेतला पाहिजे. आपल्या या भूमीत तर त्याहूनही चारशे वर्षे आधी बसवेश्वरादी शरणांनी वचनांतून कर्मकांडाची अशीच झडती घेतली होती. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, त्यामागेही कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती. म्हणजे देवाला रंगभूमीवर आणण्याची आणि त्याच्या शेजारी विदूषक उभा करण्याची रीत आपण सीमेच्या दोन्ही बाजूंनी मिळून घडविली.

मात्र ही परंपरा निर्वेध होती, असे भाबडे चित्र मी रंगविणार नाही. देवाची थट्टा समाज खपवून घेतो. देवाच्या नावावर पोट भरणाऱ्याची थट्टा त्याला झोंबते. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एका गरीब कुणबी दांपत्याला भिक्षुक कसा नाडतो, हा त्याचा विषय. ते त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवले. कमिटीने ते स्वीकारले नाही. छापील रूपात वाचकांच्या हाती येण्यास त्या नाटकाला शतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. बंदीचा हुकूम कोणी काढला नव्हता. दार उघडले गेले नाही, इतकेच.

कायद्याची कात्री नंतर आली. १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा इंग्रजांनी केला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली बंदी आली, कारण कीचकाच्या मुखवट्याआड कर्झनसाहेब दिसू लागले होते. १९२७ साली दंडसंहितेत कलम २९५-अ घातले गेले. एका पुस्तकावरून पंजाबात धार्मिक तेढ पेटली होती, ही त्याची पार्श्वभूमी. त्या कलमाला केवळ दुखावलेले मन पुरत नसे. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान सिद्ध व्हावा लागे. हा बारकावा न्यायालयात टिकतो, रस्त्यावर हरवतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ ही कादंबरी १९६५ साली याच धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने प्रसिद्ध केली. माध्व अग्रहारात एक बंडखोर ब्राह्मण मरतो आणि त्याचे दहन कोणी करावे यावर शास्त्रार्थ रंगतो. प्रेत मात्र तसेच पडून राहते. याहून तीक्ष्ण धर्मविडंबन क्वचितच सापडेल. १९७० साली पट्टाभिराम रेड्डी यांनी त्यावर चित्रपट केला. पटकथा आणि प्रमुख भूमिका धारवाडात वाढलेल्या गिरीश कार्नाडांची. परीनिरीक्षण मंडळाने तो प्रथम अडविला. पुढे तो मोकळा झाला आणि त्यालाच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या कृतीने समाज फुटेल असे वाटले होते, तिचाच समाजाने गौरव केला.

चित्रपट पाहण्यासाठी तिकीट काढून जावे लागते. दूरचित्रवाणी मात्र न बोलावता माजघरात येते. म्हणून तिच्याविषयीची भीतीही मोठी. १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर भीष्म साहनींच्या कादंबरीवरील, गोविंद निहलानींची ‘तमस’ सुरू झाली. ते विडंबन नव्हे; परंतु धर्माच्या नावाने माथी भडकविणाऱ्यांचे सोंग तिने उघडे पाडले. प्रक्षेपण थांबवावे म्हणून अर्ज झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि स्थगिती उठविली. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारीत तोच कौल दिला. त्या वेळी न्यायालयाने आधार घेतला तो नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सांगितलेल्या कसोटीचा. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने. प्रत्येक गोष्टीत धोका हुंगणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे, असे तिचे सार आहे. मला ही केवळ कायद्याची कसोटी वाटत नाही, ती रसिकतेचीही व्याख्या वाटते.

आज ती कसोटी कोठे आहे? १९९५ च्या केबल कायद्यान्वये वाहिन्यांसाठी संहिता आहे; धर्मावर हल्ला करणारा कार्यक्रम दाखविण्यास तीत मनाई आहे. टीका आणि हल्ला यांतील सीमारेषा मात्र ज्याने त्याने आपल्या भयानुसार आखावी. २०२१ च्या जानेवारीत ‘तांडव’ या मालिकेतील महाविद्यालयीन नाटकाच्या एका प्रसंगावरून ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले. निर्मात्यांनी क्षमा मागितली आणि दृश्ये काढून टाकली.  त्याआधी, ४ जून २००८ रोजी, ठाण्याच्या गडकरी रंगायतनात बॉम्बस्फोट होऊन सात जण जखमी झाले. निमित्त होते ‘आम्ही पाचपुते’ हे महाभारतातील पात्रांवर बेतलेले विनोदी नाटक. आणि ३० ऑगस्ट २०१५ ची सकाळ तर या सभागृहातील कोणीही विसरलेले नाही. वचनसाहित्याचे थोर संशोधक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची कल्याणनगरातील त्यांच्या घरी हत्या झाली. त्यांनी विडंबन केले नव्हते, संशोधन केले होते. विनोद असह्य होऊ लागला की पाठोपाठ संशोधनही असह्य होते, हा त्यातून घ्यावयाचा धडा.

मित्रहो, कात्री नेहमी सरकारच्याच हाती असते असे नाही. मी अध्यापक असताना एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मुलांनी वग बसविला होता. नारदमुनी प्रवेशासाठी देणगी मागणाऱ्या संस्थाचालकांकडे जातात, असे कथानक. प्रयोगाच्या आदल्या दिवशी नारदाला काढावे, असा निरोप आला. तक्रार कोणाची होती? कोणाचीच नव्हती. कोणी केली तर, एवढीच धास्ती. मुलांनी नारदाऐवजी एक गावचा पाटील घातला. प्रयोग झाला, टाळ्याही पडल्या. पुढच्या वर्षी मात्र मुलांनी वग लिहिलाच नाही, ठरीव एकांकिका बसविली. त्या वर्षी काही कापावे लागले नाही. सर्वांत यशस्वी सेन्सॉर तो, ज्याला कात्री उचलावीच लागत नाही.

मग काहीही चालावे काय? मी तसे म्हणत नाही. आधीच तुडविलेल्या माणसाच्या देवाला हिणवून त्याला आणखी खाली ढकलणे, याला मी विडंबन मानीत नाही. तो धाकदपटशाच आहे. माझ्या मते कसोट्या तीन. ज्याची थट्टा होते त्याला उलट उत्तर देण्याची ताकद आहे काय? थट्टा श्रद्धेची आहे की श्रद्धेच्या आडून चाललेल्या व्यवहाराची? आणि थट्टा करणारा स्वतःच्या घरालाही तीच फूटपट्टी लावतो काय? एकनाथांचा संवाद या तिन्ही कसोट्यांना उतरतो. ज्यांना न उतरणारी कलाकृती दिसेल त्यांनी तिच्यावर कडाडून टीका करावी, पाहू नये, न्यायालयात जावे. पण पाहण्याआधी बंद पाडू नये.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. मराठीचे पाठ्यपुस्तक शिकविताना भारूड केवळ भक्तिपर म्हणून सांगू नका. त्यातील टोला मुलांना कळू द्या. यंदाच्या संमेलनासाठी एखाद्या विद्यार्थ्याने वग लिहून आणला, तर त्यात नारद आहे की नाही हे आधी तपासू नका. तो हसवितो काय आणि खरे बोलतो काय, ते तपासा. खंबीर आणि धीट प्रेक्षक कायद्याने निर्माण होत नाही. तो शाळेच्या सभागृहात, पुढच्या बाकांवर बसून घडतो.