मारेकरी न दाखवणारी १२ मिनिटं



मी ॲनिमेशनवर बोलणार, हे कळल्यावर माझ्या पलटणीतले जुने सोबती हसले. कार्टून म्हणजे नातवंडांचं काम, असं आमच्या पिढीचं ठाम मत. पण आजची फिल्म नातवंडांना एकट्यानं बघायला देऊ नका. ‘इफ एनीथिंग हॅपन्स आय लव्ह यू’ हे तिचं नाव. विल मॅकॉर्मॅक आणि मायकल गोव्हियर यांनी दिग्दर्शित केलेली, हाताने रेखाटलेली, अवघ्या १२ मिनिटांची. २०२० साली नेटफ्लिक्सवर आली आणि २०२१ मध्ये तिला ऑस्कर मिळालं.

जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना नवरा-बायको बसलेत. बोलत नाहीत. पण त्यांच्या सावल्या मागे उठून एकमेकींवर तुटून पडतात. माणसं गप्प, सावल्या भांडतायत. पुढे आई कपडे धुवायला जाते आणि हाताला लेकीचा लहानसा टी-शर्ट लागतो. तिथेच ती कोसळते. मुलगी अमेरिकेतल्या शाळेत झालेल्या गोळीबारात गेलेली आहे. तो प्रसंगही आपल्याला दिसत नाही. शाळेचा मोकळा कॉरिडॉर, गोळ्यांचे आवाज, किंचाळ्या आणि मग फोनवरचा तिचा शेवटचा निरोप. फिल्मचं नाव म्हणजे तोच निरोप: काही झालंच, तर माझं तुमच्यावर प्रेम आहे.

माझ्यासारख्या फौजी माणसाला पहिला प्रश्न पडतो तो असा, की गोळ्या घालणारा कुठे आहे? तो फिल्ममध्ये नाहीच. चेहरा नाही, नाव नाही, पकडला गेला की मेला तेही नाही. प्रेक्षकाच्या रागाला जाऊन आदळायला जागाच ठेवलेली नाही. मला वाटतं, या फिल्मची ताकद त्यातच आहे.

दुःख झालं की मन आधी पत्ता शोधतं. कुणाला धरू? कुणाला जाब विचारू? आपल्याकडे याचं सर्वांत मोठं उदाहरण अश्वत्थामा. बाप मारला गेला, तोही कपटानं. त्याचं दुःख खरंच होतं. त्या दुःखात त्यानं रात्री झोपलेल्या शिबिरात शिरून द्रौपदीची पाच मुलं मारली. द्रोणाचार्य परत आले का? उरली ती कपाळावरची भळभळती जखम. तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आजीच्या गोष्टीतून आपल्या सगळ्यांच्या दारापर्यंत आलाय. आणि भागवतातली द्रौपदी? अर्जुन त्याला बांधून समोर आणतो, तेव्हा ती म्हणते, सोडा याला. मी रडते आहे तशी याची आई रडायला नको.

गैरसमज नको. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, शत्रूचा बंदोबस्त झालाच पाहिजे. मी आयुष्यभर तेच काम केलं. पण कारवाई वेगळी, सूड वेगळा. कारवाईला उद्दिष्ट असतं, हद्द असते, ती संपते. तुकडीतला एखादा जवान गेला की त्या संध्याकाळी लंगरमधली ताटं तशीच परत जायची. पोरं येऊन म्हणायची, “साहब, बस हुकूम द्या.” अशा वेळी अधिकाऱ्याचं पहिलं काम म्हणजे त्यांना थांबवणं. रागानं पेटलेला माणूस पाय कुठे पडतोय ते बघत नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी आणखी एक पेटी घरी पाठवावी लागते.

अशा तिरंग्यातल्या पेट्यांबरोबर मी काही गावांत गेलोय. वेशीवर शेकडो माणसं, बदल्याच्या घोषणा, घसे बसेपर्यंत. घरात आई मला विचारते, “साहेब, जेवला होता का हो तो?” बाप विचारतो, “शेवटचं काही बोलला?” मारणाऱ्याबद्दल त्यांनी काही विचारल्याचं मला आठवत नाही. सूड बाहेर गल्लीत ओरडत होता, दुःख आत चुलीपाशी बसलं होतं.

तेराव्यानंतर गल्ली रिकामी होते. मग राग राहतो तो घरातच, आणि सर्वांत जवळच्या माणसावर निघतो. “तूच त्याला जाऊ दिलंस.” “तुम्हीच फॉर्म भरलात.” फिल्ममधलं ते टेबल मी आपल्याकडे पाटांवर मांडलेलं पाहिलंय. शाळेच्या दिवशीच्या आठवणीत आई-बापाच्या सावल्या लेकीला अडवायला धावतात. ती जातेच. शेवटी लेकीची सावलीच त्या दोघांना ओढून एकत्र आणते. त्या दोघांना जवळ यायला मारेकऱ्याच्या मरणाची गरज पडत नाही. लागतं ते लेकीचं गाणं, तिचा फुटबॉल, घराच्या भिंतीवर राहिलेला निळा डाग.

म्हणून माझं सांगणं एवढंच. तुमच्या ओळखीत असं घर असेल, मग ते इंदूरला असो, बेळगावला की हैदराबादला, तर तेराव्यानंतरही जा. तीन महिन्यांनी जा, सहा महिन्यांनी जा. शत्रूच्या गोष्टी काढू नका. गेलेल्या मुलाचं नाव घ्या, त्याची एखादी खोडी सांगा. आई-बाप दोघेही घरात असतील अशी वेळ बघून जा, आणि चहा झाला तरी लगेच उठू नका.