संग्रहालयाला बिऱ्हाड हवे
(यवतमाळ येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



यवतमाळात १९७३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी ग. दि. माडगूळकर होते. २०१९ मध्ये संमेलन पुन्हा येथे आले. अध्यक्षा होत्या डॉ. अरुणा ढेरे. संमेलन हा तीन दिवसांचा उत्सव. चौथ्या दिवशी मंडपाचे खांब निघतात, साहित्यिक परतीच्या गाडीत बसतात आणि या जिल्ह्याविषयी लिहिण्याजोगे जे असते ते येथेच राहते. दोष कोणाचाच नाही. एवढ्या अवधीत भाषण ऐकवता येते, गाव ऐकता येत नाही.

लेखक-चित्रकारांना संग्रहालयात काही महिने मुक्कामाला बोलवावे, त्यांना काम करायला जागा द्यावी, ही पद्धत आता जगभर रूढ आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही ती आहे. तिला ‘रेसिडेन्सी’ म्हणतात. नाव नवे असले तरी रीत महाराष्ट्राला परकी नाही. माडगूळकरांचे माडगूळे ज्या औंध संस्थानात होते, तेथील अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना सूर्यनमस्कारांमुळे सारे ओळखतात. ते स्वतः चित्रकार होते, हे थोड्यांना ठाऊक असते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. १९३८ मध्ये त्यांनी यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारले. तेथे राजा रविवर्मा यांची चित्रे आहेत, तसे हेन्री मूर यांचे माता-बालकाचे शिल्पही आहे. लहानशा संस्थानाच्या मानाने ही दृष्टी मोठीच म्हटली पाहिजे.

त्याही आधी, १९१८ च्या सुमारास, पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला आले. मूळचे ते जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार. हैदराबाद आणि लाहोर येथे त्यांनी कुंचल्यावर चरितार्थ चालवला. वैदिक प्रार्थनांवरील तेजस्वी लेखामुळे इंग्रज सरकारचा रोष ओढवला आणि तुरुंगही घडला. औंधला त्यांना स्थैर्य मिळाले. तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापन केले. वेदांच्या संहिता छापल्या, भाष्ये लिहिली. हे बिऱ्हाड सुमारे तीस वर्षे टिकले. १९४८ मध्ये ते गुजरातेतील पारडीला गेले. बाळासाहेबांनी त्यांना एका व्याख्यानापुरते बोलावून शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला असता, तर एवढे ग्रंथकार्य औंधात घडले असते काय?

राजाश्रयाचा काळ गेला, आता अशा गोष्टी कोण करणार, असे म्हणणाऱ्यांनी याच यवतमाळकडे पाहावे. येथील वकील डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनी व्यवसाय सांभाळून महानुभावांच्या पोथ्या धुंडाळल्या आणि शारदाश्रम ही संशोधनसंस्था उभी केली. या पोथ्या सांकेतिक लिपीत बंदिस्त होत्या. कपाटातून काढली आणि वाचली, अशी ती विद्या नव्हती. मठात बसावे लागे, महंतांचा विश्वास मिळवावा लागे. जिथे ठेवा आहे तिथे मुक्काम केल्यावाचून तो उलगडत नाही, हे या जिल्ह्याने अनुभवलेले आहे.

आता पोहरादेवीकडे वळू. ते वाशीम जिल्ह्यात असले तरी आपल्या दिग्रसच्या शेजारचे. आणि पुसद, दिग्रस, दारव्हा भागातील तांड्यांना ते परके कसे असेल? संत सेवालाल महाराजांची समाधी तेथे आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चार मजले आणि तेरा दालने. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून देशभर फिरणारा, नवव्या गुरूंच्या देहाला अग्नी देण्यासाठी स्वतःचे घर पेटवणाऱ्या लखीशहाचा वारसा सांगणारा हा समाज. त्याला १८७१ च्या कायद्याचा आधार घेऊन इंग्रजांनी गुन्हेगार ठरवले. त्याच समाजाचा इतिहास आज सन्मानाने मांडला गेला, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु काचेआडची फेटिया-काचळी पाहून बाहेर पडणाऱ्या मुलीला ती शिवता येईल का? आरसे, कवड्या आणि नाणी यांचे भरतकाम करणारे हात आता बहुतेक आज्यांचेच उरले आहेत. नातींच्या अंगावर पंजाबी पोशाख आहे. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, शेतात आणि शाळेत तोच सोयीचा. होळीच्या लेंगी गीतांचेही तेच. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही, गीते कंठात राहतात आणि म्हातारीबरोबर जातात. दालन कितीही देखणे असो, ही गळती ते एकटे थांबवू शकत नाही.

म्हणून तेथे एक खोली मुक्कामासाठी राखावी. पहिला पाहुणा पुण्या-मुंबईचा नको. तांड्यातलीच एखादी भरतकाम करणारी आजी हवी आणि तिच्याजवळ बसून ऐकणारा, गोरबोली जाणणारा तरुण लेखक हवा. आजीला मानधन कारागीर म्हणून नव्हे, गुरू म्हणून द्यावे. चित्रकार, कवी मागून येवोत. त्यांना एकच अट असावी: किमान एक होळी आणि एक रामनवमी तेथे काढायची. गुणगान लिहून मागू नये. मागून घेतलेले गुणगान कोणी वाचत नाही, हा आपल्या स्मरणिकांचा अनुभव आहे.

खर्चाचा प्रश्न निघेलच. एका माणसाचे सहा महिन्यांचे जेवण आणि निवास हा भार दिग्रस-पुसदच्या दहा-बारा कुटुंबांनी वाटून घेतला तर जाणवणारही नाही. संघकामात घरोघरी पाहुणा जेवायला असतो. त्या पंगतीत एक कवी बसला तर काय बिघडते? शासनाकडे मागायची ती खोली आणि परवानगी. त्याआधीचे काम कार्यकर्त्यांचे आहे. कोणत्या तांड्यात कोणत्या आजीला कोणते टाके येतात, किती लेंगी पाठ आहेत, याची वही रामनवमीच्या यात्रेपूर्वी तयार व्हावी. यात्रेला त्या पोहरादेवीला येतातच. तेथेच त्यांना विचारता येईल.