नाझारे येथील मुक्काम

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परदेशप्रवासावरील व्याख्यान म्हटले की मनोऱ्यांची उंची आणि वक्त्याला वाजलेली थंडी ऐकण्याची आपणांस सवय आहे. मला मात्र आज एका गावी राहण्याविषयीच बोलावयाचे आहे. 2023 च्या सप्टेंबरात, साठलेली अर्जित रजा खर्ची घालून, मी सपत्नीक पोर्तुगालला गेलो. आमची कन्या लिस्बनला नोकरीस आहे. तिची जागा दोन खोल्यांची. तेव्हा व्हिसाच्या 90 दिवसांपैकी बहुतेक दिवस आम्ही तेथून उत्तरेस सुमारे 120 किलोमीटरवर, अटलांटिकच्या काठी असलेल्या नाझारे या कोळ्यांच्या गावी काढले. गाव आता शहराएवढे पसरले आहे, परंतु त्याचा जीव अजून मासळीतच आहे.

सकाळच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी काही प्रौढ स्त्रिया खुर्च्या टाकून बसतात. हातात फळ्या, त्यांवर ‘खोली भाड्याने’ हे तीन-चार भाषांत लिहिलेले. त्यांतल्याच एका बाईंकडे आम्ही उतरलो. त्यांना पोर्तुगीजखेरीज भाषा येत नव्हती. पण पहिल्याच दिवशी त्यांनी हातावर ‘शाव्ह’ ठेवली व भाडे आगाऊ ‘पगार’ करण्यास सांगितले, तेव्हा मी दचकलोच. शाव्ह म्हणजे आपली चावी, आणि पगार म्हणजे पैसे चुकते करणे! ज्या शब्दाच्या आधारावर मी तीस वर्षे सरकारी नोकरी केली, तो या किनाऱ्यावरून आपल्याकडे आला होता. मंडईत बटाटा हा बटाटाच होता. पत्नीने तर दोन आठवड्यांत एवढ्या भांडवलावर भाजीवालीशी घासाघीस सुरू केली.

किनाऱ्यावर लाकडी चौकटींना जाळ्या ताणून त्यांवर मासळी वाळत घालतात. ‘कारापाउ’ नावाचा, आपल्या बांगड्याची आठवण करून देणारा मासा पोटाकडून चिरून, उघडून, मिठाच्या पाण्यातून काढून उन्हात पसरलेला असतो. हे काम स्त्रियांचे. गुडघ्यापर्यंत येणारे, एकावर एक घातलेले परकर हा त्यांचा जुना वेश. परकर सात असतात असे म्हणतात. मोजण्याचे धाडस अर्थातच मी केले नाही. होड्या परतेपर्यंत वाळूत बसून राहताना वरचे परकर डोक्या-खांद्यांवर ओढून घेता यावेत म्हणून ते इतके, असे एक स्पष्टीकरण ऐकण्यात आले. वैधव्य आलेली स्त्री काळी वस्त्रे नेसते. अशा काळ्या वस्त्रांतल्या वृद्धा तेथे आजही दिसतात.

बाजूच्या बंदरावर लिलाव चालतो. आपल्याकडे बोली चढत जाते. तेथे भाव वरून खाली उतरत येतो व जो आधी थांबवील त्याचा माल. हे बंदर 1980 च्या दशकातले. तत्पूर्वी होड्या सरळ वाळूवरूनच लाटांत लोटीत. परतल्यावर बैलांच्या व पुढे ट्रॅक्टरच्या साहाय्याने वर ओढीत. त्या लाटांतून आत शिरणे व बाहेर येणे हाच सर्वांत घातकी टप्पा. कित्येकदा काठावर बसलेल्या आयाबायकांच्या डोळ्यांदेखत होडी उलटे. बंदर झाले आणि ते थांबले. जुन्या रंगीत होड्या आता किनाऱ्यावर शोभेसाठी मांडून ठेवल्या आहेत, आणि त्यांच्याजवळ उभे राहून पाहुणे छायाचित्रे घेतात.

हे पाहुणे येतात ते मात्र लाटांसाठीच. नाझारेसमोर समुद्रतळाशी एक प्रचंड दरी आहे; ती सुमारे 5000 मीटरपर्यंत खोल जाते आणि तिचे टोक थेट किनाऱ्यापाशी येते. दरीवरून वेगाने आलेली लाट उथळ पाण्यावरील लाटेला मिळते व दोहींची मिळून एक भिंत उभी राहते. 2011 साली गॅरेट मॅकनमारा 78 फुटांच्या लाटेवर फळी घेऊन स्वार झाला आणि गावाचे नाव जगभर झाले. 2020 साली सेबास्टियन स्टॉइडनर 86 फुटांवर गेला.

नोव्हेंबरात तसाच एक मोठा दिवस आला. कड्याच्या टोकावरील किल्ल्याकडे माणसांची रीघ लागली. 1889 साली सुरू झालेल्या, दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीने आम्हीही वर गेलो. ती पांढरी भिंत कोसळल्याचा आवाज पायांखालच्या दगडांतून जाणवत होता. परतलो तेव्हा बाई ओट्याशी मासे साफ करीत होत्या. सुट्टीनिमित्त आलेल्या आमच्या कन्येने त्यांना विचारले, “आपण नाही आलात?” त्या म्हणाल्या, “मी तेथे जात नाही.” थोड्या वेळाने त्यांनी सांगितले, की त्यांचा वडील भाऊ बंदर होण्यापूर्वी समोरच्याच पाण्यात गेला, त्या वेळी त्या आईशेजारी वाळूत बसल्या होत्या. आता त्याच लाटांमुळे हिवाळ्यातही खोल्या रिकाम्या राहत नाहीत, हेही त्यांनी हात न थांबविता सांगितले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. आम्ही तिघे मात्र त्या संध्याकाळी फारसे बोललो नाही.

त्या दिवसापासून त्यांनी आम्हांला जेवणाच्या खोलीऐवजी स्वयंपाकघरात बसावयास सांगितले. पत्नीने एकदा कारापाउची चिंचेविना, लिंबावर भागविलेली आमटी केली. बाईंनी दोन घोट पाणी पिऊन ती संपविली व दुसऱ्यांदा वाढून घेतली. मंडईत त्यांची मैत्रीण आमच्यासाठी मासळी बाजूला ठेवू लागली. एके दिवशी आम्ही गेलो नाही, तर दुपारी तिने चौकशीस मुलगा पाठविला.

निघालो त्या सकाळी बाईंनी वाळवलेल्या मासळीचे पुडके हाती दिले आणि चावी परत घेतली. आम्ही रस्त्याला लागलो, तोवर फळी घेऊन त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसल्याही होत्या.