शेतातले जुने शब्द : उगम आणि उपयोग



आज आपण पुण्याच्या बुधवार पेठेत जमलो आहोत. याच पेठेत पासोड्या विठोबाचे देऊळ आहे. पासोडी म्हणजे जाड सुती कापडाचे पांघरूण. देवळाजवळ पूर्वी पासोड्या विकल्या जात, म्हणून विठोबाला हे नाव पडले, असे सांगतात. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी आपले ‘पंचीकरण’ पासोडीवरच लिहिले. आज पासोडी घरोघरी दिसत नाही, पण देवाच्या नावात तो शब्द टिकला. शेतातल्या शब्दांना असा आधार नसतो. अवजार अडगळीत गेले की त्याचे नावही जाते.

शब्द माणसांबरोबर आणि मालाबरोबर फिरतात. आपली ‘पेठ’ कानडीत ‘पेटे’ आणि तमिळमध्ये ‘पेट्टै’ आहे. खरीप व रब्बी हे शब्द अरबी. तिकडे खरीफ म्हणजे शरद आणि रबी म्हणजे वसंत. पीक ज्या ऋतूत हाती येते, त्यावरून ही नावे पडली. बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला. मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरचा, आणि तोही रताळ्याचा!

नांगराला संस्कृतात ‘लाङ्गल’, कानडीत ‘नेगिलु’ म्हणतात. हिंदीत मात्र ‘हल’. हा हल आपल्याकडेही आहे. नांगराच्या लांब दांड्याला आपण हाळीस किंवा हळस म्हणतो. तो संस्कृत ‘हलीषा’, म्हणजे हलाची ईषा, नांगराचा दांडा.

जिल्हा बदलला की शब्द बदलतो. पश्चिम महाराष्ट्रात पाभर, तर विदर्भ-मराठवाड्यात तिफण. तीन फणांची म्हणून तिफण. तसेच कुळव आणि वखर.

याचा व्यवहारात उपयोग काय, असे आपण विचाराल. आजोबांच्या वहीत ‘एकरी एक मण’ असे लिहिलेले सापडते. पण मण कोणता? जुना मुंबई मण सुमारे १२.७ किलोचा, तर बंगाली मण सुमारे ३७.३ किलोचा. शब्द एकच, वजन जवळजवळ तिप्पट! म्हणून जुन्या नोंदीवरून बियाणे किंवा खत ठरवण्याआधी आपल्या भागात कोणता मण चाले, ते जाणत्या माणसाला विचारा.

रोगाचेही तसेच. बाजरीच्या कणसात दाण्यांऐवजी पानांचा झुपका आला, तर त्याला ‘गोसावी’ म्हणतात. गोसाव्याच्या जटा ज्याने पाहिल्या, त्याला वेगळे वर्णन नको. हाच रोग पुस्तकात ‘केवडा’ या नावाने भेटतो. म्हणून कृषी अधिकाऱ्यांकडे जाताना आपल्या गावचे नाव जरूर सांगा, पण रोगट कणीसही बरोबर न्या.

दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (१९३२ ते १९३८) पुष्कळ प्रांतिक शब्द आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याहून जुना, १८३१ चा. तरीही आपल्या गावचा प्रत्येक शब्द कोशात असेलच असे नाही. येत्या खंडेनवमीला अवजारांची पूजा कराल, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवा. रुमणे, हाळीस, फाळ, जू, शिवळ, चाडे अशी एकेका भागाची नावे विचारा. वहीत शब्द, गाव, तालुका आणि उपयोग लिहा. शेजारी साधे चित्र काढा. सांगणाऱ्याचे वयही टिपून ठेवा.